शुक्रवारची वही



"शुक्रवारी सकाळी तुम्ही असता तरी कुठे?" असे या हिवाळ्यात आम्हाला बऱ्याच जणांनी विचारले. मंडळाच्या नाटकाच्या तालमीला आम्ही उशिरा पोहोचतो, पोहोचलो तर बुटांना चिखल असतो, आणि कन्येच्या पिशवीतून चिवड्याच्या पुडीबरोबर दुर्बीण बाहेर पडते. तेव्हा एकेकाला उत्तर देण्यापेक्षा वार्तापत्रातूनच सर्वांना एकदम सांगून टाकावे असे ठरवले. तर मंडळी, शुक्रवारी सकाळी आम्ही सांडपाण्याच्या तळ्यावर असतो, खारफुटीच्या कडेला असतो, नाहीतर चक्क कचरा डेपोवर असतो! आणि तिथे फार मजेत असतो.

"आम्ही" म्हणजे अल् खुवैरमधले एक त्रिकोणी कुटुंब. एक अभियंता, एक रसायनशास्त्रज्ञ (लेखणी तिच्या हातात आहे, पण दुरुस्त्या सगळ्यांच्या, म्हणून "आम्ही") आणि तिसरीतली कन्या. डिसेंबर ते फेब्रुवारी बाबा, म्हणजे कन्येचे आजोबा, सातारा जिल्ह्यातल्या गावाहून येतात आणि त्रिकोणाचा चौकोन होतो. बाबांनी आयुष्यभर शाळामास्तरकी केली आणि जोडीला शेती. या लेखात त्यांचे काम मोठे आहे, म्हणून आधीच ओळख करून दिली.

सुरुवात कावळ्यापासून

मस्कतमध्ये पक्षी बघणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. त्यात ओमानी आहेत, इंग्रज आहेत, फिलिपिनो आहेत, केरळचे तर आहेतच. ऑक्टोबर ते मार्च, हवा माणसात आली की, दर शुक्रवारी पहाटे सहाला निघायचे आणि दहाच्या आत घरी यायचे. फी नाही, गणवेश नाही. दोन वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याच्या आग्रहाने आम्ही पहिल्यांदा गेलो. गटप्रमुख एक ओमानी गृहस्थ, पेशाने शिक्षक. त्यांनी नव्या मंडळींना विचारले, "तुमच्या घराच्या गच्चीतून दिसणारा एक पक्षी सांगा."

आमच्या कन्येने छाती फुगवून सांगितले, "कावळा!"

सगळे हसले. ती हिरमुसली. मग त्यांनी तिला जवळ बसवून समजावले की, हा राखी मानेचा कावळा इथला नाहीच. तो भारताच्या बाजूचा. जहाजांवर बसून तो अरबस्तानच्या आणि आफ्रिकेच्या बंदरांत पोहोचला आणि माणसाच्या उष्ट्यावर वाढला.

"म्हणजे आमच्यासारखाच!" कन्या म्हणाली.

"हो, फक्त व्हिसा न काढता आला," ते म्हणाले. यावर मात्र आम्ही सगळ्यांत मोठ्याने हसलो.

हसण्यावारी नेली तरी गोष्ट गंभीर आहे. हा कावळा इथल्या लहान पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले खातो. तीच तऱ्हा साळुंकीची. तीही बाहेरून आलेली आणि घरट्यांच्या ढोलींवर हक्क सांगणारी. म्हणून इथल्या पर्यावरण खात्याने गेल्या काही वर्षांत कावळे आणि साळुंक्या कमी करण्याच्या मोहिमा हाती घेतल्या आहेत. आपल्याला हे ऐकायला जड जाते. पितृपक्षात आपण अल् खुवैरच्या गच्चीवर घास ठेवतो आणि कावळा शिवला की सुटकेचा श्वास टाकतो. तोच कावळा इथे नको असलेला पाहुणा आहे हे पचवायला आम्हाला एक हिवाळा लागला.

पण त्या दिवशी दुसरेही कळले. आपल्याकडचे म्हणून जे पक्षी इथे दिसतात ते सगळेच कावळ्यासारखे आगंतुक नाहीत. रस्त्याकडेच्या तारांवर बसणारा निळ्या पंखांचा नीलपंख (दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो), बागेत ओरडणारा तित्तर, "टिटीव टिव" करत डोक्यावर घिरट्या घालणारी टिटवी, जास्वंदीवर लोंबकळणारा जांभळा शिंजीर, वेडा राघू, होला, ही सगळी इथलीच मूळ रहिवासी. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर त्यांचे घर आहे. पासपोर्टाची भानगड आपल्याला, त्यांना नाही.

वहीचे तीन नियम

गटाची एक वही असते. साधी, शंभरपानी. गटप्रमुखांनी पहिल्याच दिवशी तीन नियम सांगितले.

पहिला: नाव, संख्या, जागा, वेळ, चारही लिहायचे. "खूप बदके दिसली" याला काही अर्थ नाही. खूप म्हणजे किती?

दुसरा: खात्री नसेल तर नाव लिहायचे नाही. "बगळ्याची कुठलीतरी जात" असे लिहिले तरी चालते. खोट्या खात्रीपेक्षा खरी शंका बरी. (प्रयोगशाळेत आम्ही उमेदवारांना हेच सांगतो, पण तिथे कोणी ऐकत नाही.)

तिसरा: जो पक्षी दिसायला हवा होता आणि दिसला नाही, त्याच्यापुढे शून्य लिहायचे. जागा रिकामी सोडायची नाही. रिकामी जागा म्हणजे "बघितलेच नाही". शून्य म्हणजे "बघितले, पण नव्हता".

पहिले दोन नियम आम्हाला लगेच पटले. तिसरा आम्ही नुसता पाळला. त्याचा अर्थ बाबांमुळे कळला, पण ते पुढे.

आमची आवडती जागा म्हणजे अल् अन्सबची तळी. अल् खुवैरहून गाडीने थोड्याच मिनिटांवर, टेकड्यांच्या कुशीत, शहराचे सांडपाणी शुद्ध करून जमवलेले हे पाणी. नाव ऐकून नाक मुरडू नका. वास येत नाही, आणि वाळवंटी प्रदेशात गोडे पाणी दिसले की आकाशातले वाटसरू उतरणारच. डिसेंबरमध्ये इथे शेपटीला टोक असलेले तलवार बदक असते, पळीसारख्या चोचीचा थापट्या असतो, लांब गुलाबी पायांचे शेकाटे असतात, गवतात दडलेला पाणलावा असतो, राखी बगळे ध्यान लावून उभे असतात. आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! तो दिसताच कन्या ओरडली, "हा तर ठाण्याच्या मामाकडचा!" ठाण्याच्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि मामाच्या कृपेने ती तिथे बोटीतून फिरून आली आहे.

थवा मोजायची एक युक्ती आहे. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, दहांनी किती जागा घेतली ते डोळ्यांत साठवायचे, आणि तेवढ्या मापाने बाकीचा थवा मापायचा. आजी मापट्याने धान्य मापायची तसेच. पहिल्या दिवशी आम्हा दोघांचे रोहित भरले ६३, कन्येचे ४७. आम्ही तिला समजावायला निघालो, तेवढ्यात गटप्रमुखांनी पुन्हा मोजले: ४८. मधल्या टोळीने तळ्याला वळसा घालून जागा बदलली होती आणि आम्ही ती दोनदा मोजली होती. डॉक्टरेटचा असा जाहीर पंचनामा झाल्यावर आम्ही मुकाट्याने वही कन्येच्या हाती दिली.

आपल्या आधी आलेले एक मुंबईकर

एकदा थर्मासमधला चहा संपवताना गटप्रमुखांनी विचारले, "तुम्ही मुंबईच्या बाजूचे. मग तुम्हाला जयकर माहीत असतील?"

आम्हाला बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आठवले. पण त्यांना अभिप्रेत होते डॉ. आत्माराम सदाशिव जयकर. हे मुंबईचे, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले सर्जन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अनेक वर्षे ते मस्कतला ब्रिटिश वकिलातीचे डॉक्टर होते. त्या काळच्या मस्कतमध्ये ना पंखा, ना बर्फ, ना शुक्रवारी शिकरण-पोळी खायला बोलावणारे मंडळ. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात या गृहस्थांनी मासे, सरडे, साप, प्राणी जमवले, नोंदी केल्या आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवल्या. ओमानी अरबी बोलीवर लिहिले, ओमानी म्हणी गोळा केल्या.

ओमानच्या डोंगरकड्यांवर राहणारा अरबी ताहर हा रानबकरा १८९४ साली शास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी जगापुढे आणला, तेव्हा त्याला "जयाकरी" हे नाव दिले. आजही त्याचे शास्त्रीय नाव "अरेबिट्रॅगस जयाकरी" असेच आहे. इथला एक सरडा, वाळूत राहणारा एक साप आणि एक समुद्रघोडा यांच्या नावांतही जयकर आहेत. ओमानचा रानबकरा आणि आडनाव मुंबईचे! आम्हाला हे एका ओमानी माणसाकडून कळावे याची थोडी लाजही वाटली.

पुढे हे काम दुसऱ्यांनी केले. मायकेल गॅलघर यांचे ओमानच्या पक्ष्यांवरचे पुस्तक, मार्टिन वुडकॉक यांच्या चित्रांसह, १९८० साली निघाले. आपल्या अल् खुवैरमध्येच १९८५ साली निसर्गविज्ञानाचे संग्रहालय उघडले, त्याच्या उभारणीतही गॅलघर होते. आज ओमानच्या पक्षीयादीत ५०० हून अधिक जाती आहेत. ही यादी एका दिवसात झाली नाही. कोणीतरी, कधीतरी, बारीकसारीक लिहून ठेवले म्हणून झाली.

रखमा

गेल्या जानेवारीत गटाची फेरी अमरातकडच्या कचरा डेपोवर ठरली. बाबा म्हणाले, "कचरा बघायला विमानाने इथवर आलो नाही." पण कन्येने हट्ट धरला आणि ते आले. बौशरहून अमरातला जाणारा घाट चढताना ते गुडघ्याला मलम चोळत होते. भारतातून येताना आपण सगळेच आणतो ती ट्यूब. ती ट्यूबही लक्षात ठेवा.

डेपोच्या बाहेर, टेकडीच्या उतारावर आम्ही उभे राहिलो. समोर दगडांवर, खांबांवर, जमिनीवर मोठमोठे तपकिरी पक्षी. हे स्टेप गरुड. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत, कझाकस्तान-रशियाकडे त्यांचा उन्हाळा जातो. थंडीत त्यातले काही अरबस्तानात येतात, काही भारतात, काही आफ्रिकेत. ओळखायची खूण म्हणजे चोचीची पिवळी कड डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत गेलेली असते, जणू कायम हसतो आहे. पण हसण्यासारखी त्याची परिस्थिती नाही. २०१५ पासून तो जागतिक यादीत "संकटग्रस्त" आहे.

वाट बघताना गटप्रमुखांनी एक खरा किस्सा सांगितला. रशियन शास्त्रज्ञांनी काही स्टेप गरुडांच्या पाठीवर छोटे यंत्र बसवले होते. गरुड कुठे आहे ते यंत्र मोबाइलच्या एसएमएसने कळवायचे. २०१९ साली त्यातली "मिन" नावाची गरुडीण कझाकस्तानात उन्हाळाभर अशा भागात राहिली की, तिथे मोबाइलची रेंजच नव्हती. शरद ऋतूत ती थेट इराणला पोहोचली आणि साठलेले सगळे एसएमएस तिथल्या महाग रोमिंग दराने एकदम सुटले! संशोधकांचे पैसे संपले, लोकांकडे वर्गणी मागायची वेळ आली. शेवटी मोबाइल कंपनीने बिल माफ करण्याची तयारी दाखवली. परदेशात आल्या आल्या पहिल्या महिन्यात घरी फोन करून ज्यांनी बिल बघितले आहे, त्यांना या गरुडिणीविषयी माया वाटल्याशिवाय राहणार नाही.

तेवढ्यात कन्येने वर बोट दाखवले. पांढरे शुभ्र अंग, पंखांची मागची कड काळी, पिवळा चेहरा, पाचरीसारखी शेपूट. एक, तीन, सात... डोंगरामागून ते वर येत होते. पांढरी गिधाडे. सोबत काही काळपट तपकिरी होती, ती त्यांची पोरे. यांना अंगभर पांढरे व्हायला जवळजवळ पाच वर्षे लागतात.

"अरबीत याला रखमा म्हणतात," गटप्रमुख म्हणाले.

"रखमा?" बाबांनी दुर्बीण खाली केली. "आमच्याकडे पंढरपूरला असते ती."

सगळ्यांना अर्थ सांगण्यात पाच मिनिटे गेली. पण बाबा त्यानंतर हसले नाहीत. ते आकाशाकडे बघत राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "एवढी गिधाडं मी तीस वर्षांत एकत्र बघितली नाहीत."

गावाच्या ओढ्यापलीकडे मेलेली जनावरे टाकायची जागा होती, तिथले ते सांगू लागले. जनावर टाकले की दुपारपर्यंत वरती घिरट्या सुरू. मोठी, उघड्या मानेची गिधाडे आधी, ही पांढरी मागून. संध्याकाळी फक्त हाडे. वास नाही, माशा नाहीत. आंब्यावर रात्री इतकी बसायची की फांद्या वाकायच्या. "आणि मग एक वर्ष आलं, नि नाहीच. आम्हाला वाटलं, दुसरीकडे गेली असतील. कोणी विचारलं नाही, कोणी मोजलं नाही."

रसायनवालीची अवघड वेळ

परतताना गाडीत त्यांनी विचारले, "ती गेली तरी कशानं?"

आता हा प्रश्न आमच्यातल्या रसायनवालीचा होता. उत्तर बाबांच्या खिशात होते.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. माणसाला उत्तम लागू पडते. पेटंट संपल्यावर ते स्वस्त झाले आणि १९९० च्या दशकात भारतात गुराढोरांनाही देऊ लागले. सुजलेली कास असो, लंगडणारा बैल असो, सुई दिली की जनावराला आराम. पण सुई देऊनही जनावर दोन-चार दिवसांत मेले, तर औषध त्याच्या अंगात शिल्लक असते. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड बंद पडते.

पक्षी आपल्यासारखी लघवी करत नाहीत. शरीरातला टाकाऊ नायट्रोजन ते यूरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतात. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. मूत्रपिंड थांबले की हे यूरिक ॲसिड रक्तात साठते आणि काळजावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर चढतो. माणसाला होतो तो गाऊट, पण सगळ्या आतड्या-काळजाला. काही दिवसांत पक्षी मान टाकतो.

हे कोडे २००४ साली सुटले. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी करून लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गणिताने सांगितले की, शंभर मढ्यांतल्या एकातही औषध नसले, त्याहून कमी प्रमाण असले, तरी गिधाडांचा नायनाट व्हायला ते पुरेसे आहे. कारण एका मढ्यावर डझनांनी गिधाडे जेवतात, आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात जेमतेम एक उरली.

आणि नुकसान एकट्या गिधाडांचे झाले नाही. मढी कुजत पडली, भटकी कुत्री वाढली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की, गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख माणसांचे जादा मृत्यू झाले.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्या तांबड्या म्हशीला डॉक्टर सुई मारून गेले होते. ती चौथ्या दिवशी मेली. ओढ्यापलीकडे मीच नेऊन टाकली."

कोणी काही बोलले नाही.

"सूनबाई, मग ती आपणच मारली म्हणायची?"

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. "बाबा, तुमच्या म्हशीला कोणती सुई दिली ते आज सांगता येणार नाही. आणि तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला नाही, डॉक्टरांना नाही, औषध करणाऱ्यांना नाही," असे उत्तर दिले. ते खरे आहे. पण ते पुरेसे नाही हे आम्हा दोघांनाही जाणवले. बाबांनी खिशातली ट्यूब काढून बघितली आणि परत ठेवली.

(कृपया घरातल्या ट्यूबा फेकून देऊ नका. माणसाच्या गुडघ्याला लावलेल्या मलमाने गिधाड मरत नाही. प्रश्न गुरांच्या औषधाचा आहे. २००६ साली भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केले. गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम हे औषध तोवर सापडले होते. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरची करण्यात आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक हीसुद्धा जनावरांसाठी बंद झाली. गावी ज्यांची गुरे आहेत त्यांनी एवढे जरूर सांगावे: दुखण्यावर मेलॉक्सिकॅम मागा.)

शून्याची किंमत

त्या रात्री जेवताना कन्येने विचारले, "पण गिधाडं कमी झाली हे आधी कळलं कसं?"

प्रश्न लाख मोलाचा होता. कळले, कारण मुंबईच्या बीएनएचएस या संस्थेतले डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरला गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. तेव्हा गिधाडे उदंड होती. उदंड असलेली गोष्ट मोजायची कशाला, असे कोणीही म्हटले असते. पण १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजली तेव्हा झाडाखाली मेलेली गिधाडे होती आणि वर रिकामी घरटी. पहिली वही नसती तर दुसऱ्या वहीला अर्थच नव्हता. बाबांच्या गावासारखेच सगळे म्हणत राहिले असते, "दुसरीकडे गेली असतील."

म्हणून इथली पांढरी गिधाडे मोजायची. आज ती पुष्कळ दिसतात. मसिरा बेटावर २०१० च्या दशकातल्या पाहणीत त्यांच्या साठाहून अधिक जोड्या आढळल्या, आणि ही जगातल्या त्यांच्या मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे. पण हाही पक्षी २००७ पासून संकटग्रस्त आहे. पुष्कळ दिसतात तेव्हाच मोजायचे. त्या दिवशी वहीत लिहिले: स्टेप गरुड ११२, पांढरी गिधाडे ८६. अक्षर बाबांचे आहे, मास्तरी वळणाचे.

फेब्रुवारीअखेर बाबा गावी परतले. जाताना कन्येने त्यांना जुनी दुर्बीण दिली. आता दर रविवारी फोनवर आधी पक्ष्यांचा हिशेब होतो, मग प्रकृतीचा. बाबा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहितात: घारी ४, नीलपंख १, टिटव्या २. आणि शेवटी न चुकता, गिधाड ०.

पहिल्यांदा ते शून्य ऐकून आम्हाला वाईट वाटले. "दिसत नाही तर कशाला लिहिता, बाबा?" असेही एकदा विचारून झाले.

ते म्हणाले, "तुमच्या त्या मास्तरांनी सांगितलंय ना, रिकामी जागा सोडायची नाही. मागच्या वेळी आम्ही रिकामी सोडली होती."

हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली २० गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या लोकांनी आपली गिधाडे जपली. सातारा तिथून फार लांब नाही, निदान पंख असणाऱ्याला. कन्येचे म्हणणे आहे की एखाद्या रविवारी आजोबा "एक" म्हणतील. आम्ही दोघे तसे बोलून दाखवत नाही, पण रविवारचा फोन आला की तिघेही स्पीकरजवळ सरकतो.

तर मंडळी, येताय ना?

इच्छुकांसाठी थोडक्यात. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. शुक्रवारी पहाटे पाऊण वाजून पाच... चुकले, पावणेसहाला अल् खुवैरमधून गाड्या निघतात (पहाटेच्या वेळा आम्हाला अजून नीट सांगता येत नाहीत). कपडे मातकट रंगाचे, पायात बूट, डोक्याला टोपी, सोबत पाणी. दुर्बीण नसेल तर अडत नाही, गटात फिरत्या दोन आहेत. तळ्यावर आणि डेपोवर गटप्रमुख सांगतील तिथेच थांबायचे. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलवायचे नाही. मुलांना जरूर आणा. मोजणीत ती आपल्यापेक्षा भरवशाची असतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आल्याचा चहा आमच्याकडे लागला. तिखटमिठाच्या पुऱ्या आळीपाळीने.

सध्या आपल्या मंडळातली चार कुटुंबे येतात. पाचव्या कुटुंबासाठी गाडीत जागा आहे, आणि वहीत पानेही. नावे समितीकडे द्यावीत.